परत कव्हय येशी?

(धुळ्यातील एका स्मृती व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जळगावच्या माणसाला धुळ्यात बोलायला बोलावण्यात थोडा धोका असतो. पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश १९०६ साली वेगळे झाले, पण वांगी कुणाची चांगली हा वाद अजून मिटलेला नाही. तो आज मी काढणार नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या सरांना माइकवरून स्वतःचं नाव ऐकायला अजिबात आवडत नसे. हारतुरे सुरू झाले की ते मागच्या दारानं चपला घालून निघून जायचे. म्हणून मीही तासभर त्यांना नुसतं ‘सर’ म्हणणार आहे.

विषय दिलाय सेवा संस्थांचा. रोटरी, लायन्स, अशा क्लबांची गावातली कामं आणि परदेशी पाहुण्यांबरोबरची कामं. माझं औषधांचं दुकान. अशाच एका क्लबात मी तीस-एक वर्षं काढली, एक वर्ष सेक्रेटरी होतो. क्लबचं नाव सांगत नाही. जे सांगणार आहे त्यातल्या चुका माझ्याही आहेत, त्या नावाच्या पाटीवर ढकलायला नकोत.

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात आम्ही मोतीबिंदूचं शिबिर घेतलं होतं. शाळेच्या पटांगणात मांडव, तपासणीला रांगा, मग निवडलेल्या लोकांना जीप आणि टेम्पोतून शहरात नेऊन ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी काळे चष्मे लावून परत. परतीच्या दिवशी पाहुणे आले, बॅनर लागलं, फोटो निघाले. एका म्हातारीला मधे बसवलं होतं, कारण तिचं हसू चांगलं होतं. फोटो झाल्यावर तिनं माझा हात धरला आणि विचारलं, “फोटू त काढी लिधा भाऊ, आते परत कव्हय येशी?”

मी म्हणालो, “पुढच्या महिन्यात.”

आम्ही गेलो नाही. औषधवाला असल्यामुळे मला माहीत होतं की डोळ्यात टाकायचे थेंब काही आठवडे चालू ठेवावे लागतात आणि चष्म्याचा कायमचा नंबर साधारण दीड महिन्यानं काढायचा असतो. आम्ही दिलेली बाटली आठ-दहा दिवसांत संपणारी होती. नंबर काढायला कुणी गेलंच नाही. वर्षभरानं त्या गावचा एक माणूस दुकानात आला. म्हातारी कशी आहे असं विचारलं, तर म्हणाला, दिसतं तिला, पण सुईत दोरा नाही ओवता येत, गोधड्या शिवायचं बंद झालं. ऑपरेशन यशस्वी झालं होतं. आमच्या अहवालातही ते यशस्वीच आहे.

का गेलो नाही? निष्ठुर होतो म्हणून नाही. शिबिर झालं मे महिन्यात आणि १ जुलैला नवा अध्यक्ष आला. मला वाटतं हे जरा उलगडून सांगावं लागेल, कारण क्लबांच्या बाहेरच्या माणसाला ही मेख माहीत नसते.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत चार माणसं एका कचेरीत भेटली. पॉल हॅरिस हा वकील, गस्टाव्हस लोअर खाणींचा इंजिनियर, सिल्व्हेस्टर शील कोळशाचा व्यापारी आणि हायरम शोरी कपडे शिवणारा. प्रत्येकाचा धंदा वेगळा. पुढेही बराच काळ नियम तोच राहिला, एका धंद्याचा एक सभासद. मोठ्या शहरात एकटी पडलेली ही माणसं. आज याच्या कचेरीत, पुढच्या खेपेला त्याच्या कचेरीत, अशी आळीपाळीनं भेटायची. त्या आळीपाळीवरून नाव पडलं ‘रोटरी’. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर हे ‘पाळीमंडळ’. भारतात पहिला क्लब कलकत्त्याला निघाला, १९२० च्या सुमारास. लायन्सची सुरुवातही शिकागोचीच, १९१७ सालची, मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाची. १९२५ साली हेलन केलर त्यांच्या अधिवेशनात जाऊन म्हणाल्या की अंधांचं काम तुम्ही हाती घ्या, आणि तेव्हापासून लायन्स म्हटलं की डोळ्यांचं शिबिर.

शिकागोच्या त्या मंडळींचं पहिलं सार्वजनिक काम काय होतं माहीत आहे? १९०७ मध्ये ते शहराच्या मागे लागले की नगरपालिकेच्या इमारतीजवळ सार्वजनिक शौचालय बांधा. मला हे फार आवडतं. मुतारीसमोर उभं राहून कुणी फोटो काढून घेत नाही. आपल्याकडच्या बसस्टँडांवर गेलात की तुम्हाला वाटेल, ही परंपरा तिथून इथवर पोचायला हवी होती.

तर पाळी. या संस्थांमध्ये पदही पाळीनं फिरतं. दर १ जुलैला अध्यक्ष बदलतो, सेक्रेटरी बदलतो, वरचा प्रांतपालही बदलतो. जळगावपासून नाशिक-नागपूरपर्यंतचे आम्ही रोटरीवाले ३०३० नंबरच्या प्रांतात येतो, तिथेही तेच. ही पद्धत मुळात शहाणपणाची आहे. आपल्या शिक्षण संस्था, पतपेढ्या, साखर कारखाने यांत एकदा खुर्चीला चिकटलेला माणूस कसा सुटत नाही ते आपण बघतोच. इथे कुणी चिकटू शकत नाही. पण त्याच नियमाचा दुसरा परिणाम असा की नव्या अध्यक्षाला स्वतःचं काम हवं असतं. मागच्याच्या शिबिरातल्या म्हातारीचा चष्मा हे त्याच्या वर्षाचं काम नव्हे. पदग्रहणाच्या भाषणात “मी मागच्या वर्षीची कामं पूर्ण करणार” असं म्हणणारा अध्यक्ष मी एकही पाहिला नाही. सेक्रेटरी झालो तेव्हा मीही तसं म्हणालो नव्हतो.

आता तुमच्याकडचं एक सांगतो. पांझरेकाठच्या लोकांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फड पद्धत. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक, आणि सगळ्यांना पाळीनं पाणी. शेकडो वर्षं हे चाललं, सरकारी पाटबंधारे खातं जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून. पण तिथे फक्त पाळी नव्हती. तिथे पाटकरी होता. पाणी कुणाकडे गेलं, कुणाचं राहिलं, पाट कुठे फुटला, हे बघणारा माणूस. शेतकरी त्याला मोबदला द्यायचे, आणि त्यानं स्वतःच्या मर्जीनं पाणी फिरवायचं नाही अशी रीत होती. पाळी बदलली म्हणून पाटकरी बदलत नसे. आम्ही शिकागोहून पाळी आणली, पण पाटकरी मात्र पांझरेवरच ठेवून आलो.

सर पाटकरी होते. ते कुठल्याच क्लबाचे सभासद नव्हते, वर्गणी भरायची ऐपतही नव्हती. तुमच्यापैकी काहींना त्यांची एम-८० गाडी आठवत असेल. कुठल्याही क्लबचं शिबिर असलं की ते यादी मागायचे. दोनशे पानी वहीत गाव, वाडी, नाव, कुणाच्या शेजारी राहतो, कुणाचा मुलगा सुरतेला असतो, सगळं लिहून घ्यायचे. मांडव उठल्यावर आठवड्याभरानं ते निघायचे. एकदा मी विचारलं, सर, तुम्हाला कुणी सांगितलंय का हे? म्हणाले, “नाही. सांगितलं असतं तर मलाही १ जुलैला सुट्टी मिळाली असती.”

या मातीला हे नवं नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत होते. शिक्षक म्हणून ते मोठे होतेच, पण मला त्यांचं छात्रालय जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलं उठायच्या आत त्यांच्या खोल्या आवरून ठेवणं, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढणं, मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढणं. शिबिर आणि छात्रालय यांत हाच फरक. शिबिरात माणूस भेटतो, छात्रालयात तो राहतो. पुढे त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. एका प्रांतातल्या माणसानं दुसऱ्या प्रांतात जाऊन राहावं, तिथली भाषा शिकावी. एवढ्याशा तालुक्याच्या गावी मुलांची अंथरुणं घड्या करणाऱ्याला एवढी मोठी कल्पना सुचली, यात मला तरी विसंगती दिसत नाही.

परदेशी पाहुण्यांकडे येतो. रोटरीत १९६५ पासून २०१३ पर्यंत एक उपक्रम होता, गटानं अभ्यास-भेटीला जायचं. पंचवीस ते चाळीस वयाची चार-पाच व्यावसायिक मुलंमुली, बरोबर एक वडीलधारा रोटेरियन. चार-सहा आठवडे परक्या देशात, हॉटेलात नाही, सभासदांच्या घरी. आमच्याकडे असे पाहुणे बहुतेक थंडीत यायचे, आणि थंडी म्हणजे भरिताचा हंगाम. शेतात पऱ्हाट्या पेटवून त्यावर भाजलेली वांगी, लाकडी भांड्यात ठेचलेली मिरची-लसूण, कळण्याची भाकरी. घाम पुसत पुसत खायचे बिचारे. आम्हाला वाटायचं, आपण त्यांना खान्देश दाखवला.

पुढे एकदा वेगळ्या कामासाठी पाहुणे आले. एका शाळेत परदेशी क्लबच्या मदतीनं पिण्याच्या पाण्याची टाकी, फिल्टर आणि हात धुवायला नळांची रांग बसवली होती. उद्घाटनाला त्या क्लबातले तिघं आले. त्यातला एक जन्मभर प्लंबिंग केलेला म्हातारा. फीत कापून झाली, मुलांनी स्वागतगीत म्हटलं, आणि हा बाबा वाकून नळ बघतोय. दुभाष्याला म्हणाला, याचा वॉशर सहा महिन्यांत जाईल, तो कोण बदलणार? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी आमच्याकडे पाहिलं. आमच्याकडे वॉशरला ‘वायसर’ म्हणतात आणि तो चहाच्या किमतीत मिळतो. पण तो कोणी आणायचा हे लाखोंच्या त्या प्रकल्पात कुठेच लिहिलेलं नव्हतं. आठ हजार मैलांवरून आलेल्या प्लंबरनं आणि अमळनेर तालुक्यातल्या म्हातारीनं मला एकच प्रश्न विचारला होता.

रोटरी फाउंडेशनला हे कळलं नाही असं नाही. जागतिक अनुदानाची जी पद्धत गेल्या दशकापासून आहे तिच्यात प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा लागतो, म्हणजे पंचवीस लाखांच्या वर. इथला एक क्लब आणि परदेशातला एक क्लब असे दोघं भागीदार लागतात. आधी गावाची गरज काय याची पाहणी करून कागद द्यायचा, आणि पैसे संपल्यावर काम कसं चालू राहील तेही लिहायचं. डायलिसिसची मशिनं, शाळांचे संच, पाण्याची कामं यातून उभी राहतात. कागद चांगला आहे. पण तो भरताना मी स्वतः “स्थानिक समिती देखभाल करील” असं वाक्य लिहिलेलं आहे, आणि समितीतल्या लोकांना ते समितीत आहेत हे मी त्यांना कळवलं नव्हतं.

असं म्हणून मी क्लबांना झोडपायला आलो आहे असं समजू नका. याच लोकांनी एक काम असं केलं आहे की त्याला तोड नाही, आणि ते का जमलं ते सांगितल्याशिवाय माझं बोलणं अर्धं राहील.

रोटरीनं १९८५ मध्ये पोलिओचं काम जगभरासाठी उचललं. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना वगैरे सगळे मिळून मोहीम सुरू झाली तेव्हा जगात १२५ देशांत मिळून वर्षाला साडेतीन लाख मुलं लुळी पडत होती. आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. पिवळे बॅनर, बुथ, ‘दो बूंद’, करंगळीला शाईची खूण. हे सगळ्यांना आठवतं. पण पोलिओ त्या रविवारी गेला नाही. तो गेला सोमवारपासून.

सोमवारपासून आशाताई, अंगणवाडीताई, नर्सबाई आणि स्वयंसेवक घरोघर फिरायचे. ज्या घरातली पाच वर्षांखालची सगळी मुलं डोस घेऊन झाली त्या दाराशेजारी खडूनं ‘पी’. जिथे एक जरी मूल राहिलं, मामाकडे गेलं, झोपलं होतं, आई नको म्हणाली, तिथे ‘एक्स’. आणि एक्सच्या घरी परत जायचं. पुन्हा एक्स आला तर पुन्हा जायचं. जगातल्या एवढ्या मोठ्या मोहिमेचं सगळं शहाणपण त्या खडूच्या फुलीत होतं. भुसावळच्या फलाटांवर गाडीतून उतरलेली मुलं हेरणाऱ्या टीम उभ्या असायच्या. वीटभट्ट्यांवर जावं लागे. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली आपल्याकडची भिल्ल-पावरा कुटुंबं कधी परततात त्याचा अंदाज ठेवावा लागे. २००९ मध्ये देशात ७४१ मुलांना पोलिओ झाला होता, म्हणजे जगातल्या जवळजवळ निम्म्या. २०१० मध्ये ४२. आणि १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यातली एक चिमुरडी, ती शेवटची. २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

या काळातही क्लबांचे अध्यक्ष दरसाल बदलत होते. मग काम कसं टिकलं? कारण फुली बदलत नव्हती. अध्यक्ष कोणीही असो, एक्सचं घर एक्सचंच राहायचं.

दुसरं उदाहरण एका माणसाचं. डॉ. शरदकुमार दीक्षित, जन्म पंढरपूरचा, १९३० चा. अमेरिकेत जाऊन प्लास्टिक सर्जन झाले. १९६८ पासून ते भारतात येऊन फुकट शस्त्रक्रिया करत राहिले. दुभंगलेले ओठ, पापणी लोंबून झाकलेला डोळा, चेहऱ्यावरचे व्रण. गावोगावच्या संस्था शिबिरं भरवायच्या, पुण्याच्या भारतीय जैन संघटनेनं तर वर्षानुवर्षं भरवली. मधे त्यांना मोटार अपघात झाला, चाकाची खुर्ची आली. पुढे घशाचा कर्करोग, आवाज गेला. तरी ते येत राहिले. २००१ मध्ये पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये ते गेले. त्यांच्या बोटांची सफाई आणि वेग यांवर लोक खूप लिहितात. मला त्यांचं दरवर्षी येणं मोठं वाटतं. ओठ दुभंगलेलं लेकरू यंदा तापानं फणफणलं म्हणून शस्त्रक्रिया राहिली, तर आईला सांगता यायचं की पुढच्या वर्षी डॉक्टर येणार आहेत. अमेरिकेहून चाकाच्या खुर्चीत बसून येणारा माणूस ‘परत कव्हय येशी’ला उत्तर देऊ शकत होता, आणि मी जळगावहून अमळनेरला जाऊ शकलो नव्हतो. अंतर आहे पन्नास-साठ किलोमीटर.

क्लबांच्या बाहेरही बघा. साक्री तालुक्यातलं बारीपाडा. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा टीव्हीवाले पोचले, पण त्याआधी तीन दशकं गावानं जंगल राखलं, कुऱ्हाडबंदी पाळली. इकडे लामकानीला धुळ्यातल्या एका डॉक्टरांनी गावकऱ्यांबरोबर डोंगरावर चराईबंदी करून गवत परत आणलं. गवताला फोटो चालत नाही, त्याला पावसाळे लागतात.

आता मी नुसती कबुली देऊन खाली बसलो तर सर मागच्या दारानं निघून जातील. म्हणून शेवटचं एक.

एलएन-फोर नावाचा एक कृत्रिम हात आहे. कॅलिफोर्नियातल्या एका डिझायनरची मुलगी एलेन अपघातात गेली, तिच्या आठवणीसाठी आईबापांनी तो बनवायला घेतला. ‘एलेन’ हे नाव घाईत म्हटलं की ‘एलएन’ ऐकू येतं. कोपराखाली थोडा हात शिल्लक असेल त्याला तो बसतो, वीज लागत नाही, किंमत लागत नाही. जगभरचे रोटरी क्लब तो वाटतात. आपल्याकडे कडबाकुट्टीत, मळणी यंत्रात, जिनिंगमध्ये हात गेलेली माणसं कमी नाहीत. आमच्याही शिबिरात ते हात बसवले, पाच मिनिटांत. माणसानं पेन धरून सही केली की टाळ्या पडायच्या. मीही वाजवल्या.

गेल्या वर्षी दुकान मुलाकडे दिलं आणि सरांच्या वहीसारखी एक वही केली. जुनी यादी घेऊन निघालो. बरीच घरं सापडली नाहीत. काही जण सुरतेला गेले होते, काही वर गेले होते. ती म्हातारीही गेली होती. तिच्या सुनेनं तिनं शिवलेली जुनी गोधडी दाखवली, मी ती हातात धरून बसलो, काय बोलावं ते सुचेना.

पारोळ्याच्या अलीकडे एका गावात मात्र एकाचं घर सापडलं. मळणी यंत्रात उजवा हात गेलेला. आमचा हात भिंतीवर खुंटीला टांगलेला, शेजारी कॅलेंडर, दोघांवर सारखीच धूळ. म्हटलं, वापरत नाही का? म्हणाला, पहिलं वर्ष वापरला, सायकल धरायचो, पाटी उचलायचो, मग पट्टा सुटला. बस एवढंच? हो. कुणाला सांगितलं का? कोणाला सांगायचं, तुमचा नंबर त्या कागदावर होता, कागद पावसात गेला.

हात पिशवीत घालून आम्ही दोघं पारोळ्याला गेलो. बसस्टँडबाहेर चपला शिवणारा बसतो, त्यानं उलटसुलट बघून बकल असलेला चामडी पट्टा लावला. पैसे विचारले तर त्याला किंमत सांगता येईना, कारण असं काम त्याच्याकडे कधी आलं नव्हतं. चपलेचेच घेतले. यानं हात चढवला, दोनदा हलवून पाहिला आणि त्याला म्हणाला, अजून एक भोक पाड, उन्हाळ्यात घामानं सैल होतो. त्यानं आरी काढली.